मार्केट स्ट्रीटच्या स्टॉपवर

सोमवार, ३ ऑक्टोबर १९९४

सकाळची पहिली शिफ्ट. डेपोतून ट्राम घेऊन निघाले तेव्हा उजाडलंही नव्हतं. रुळांवर ओली पानं, म्हणजे साबणच. बॅरीने ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं: "पानांशी भांडायचं नाही, वाझंटी. आधीपासून हळू व्हायचं." वासंती त्याला जमत नाही. मीही सुधारायचं सोडलंय.

एकटीने चालवायला लागून महिना झाला. अजून ड्रायव्हरच्या कॅबमध्ये बसलं की सगळी बटणं दोनदा तपासते. पहिला स्टॉप गेला की विसरते.

काल हॉस्पिटलच्या डिनरला माझ्या सर्जन नवऱ्याने, माधवने, नव्या कन्सल्टंटच्या बायकोला सांगितलं, "वासंती ट्रान्सपोर्टमध्ये आहे." मी शेजारीच, हातात काटा. ट्रान्सपोर्टमध्ये! जशी काही मिनिस्ट्रीत. कौन्सिलच्या ऑफिसात इतकी वर्षं टाइपिंग केलं तेव्हा काही लपवावंसं वाटलं नाही ह्याला. पदच रद्द झालं, रिडंडन्सी मिळाली, ट्राम ड्रायव्हरांची जाहिरात आली, एकेचाळिसाव्या वर्षी अर्ज केला. लेक केतकी म्हणाली, "कूल." माधव म्हणाला, "बघ बाई." त्या "बघ बाई"त सगळं आलं.

घरी येताना गाडीत बोलले नाही. आज बोलेन.

(नाही बोलले. त्याला ऑन-कॉल ड्युटी होती.)

गुरुवार, ६ ऑक्टोबर

शेवटच्या स्टॉपवर मि. विल्कॉक भेटले. गळ्यात कॅमेरा, पँटच्या पायांना सायकलवाल्यांच्या क्लिपा, सायकल मात्र नाही. रिटायर्ड भूगोल मास्तर. जूनमध्ये डेपोत आम्हा नव्या ड्रायव्हरांना गावच्या जुन्या ट्रामवर लेक्चर द्यायला आले होते. अर्धे जण पेंगत होते. मी नाही.

ते गावच्या ट्रामचा इतिहास लिहितायत, किती वर्षं कोण जाणे. आधी घोड्यांच्या ट्राम. चर्च हिलच्या चढाला जादा घोडा जोडायचे, वर पोचला की सोडून परत खाली. मग विजेच्या. पहिल्या महायुद्धात पुरुष गेले तेव्हा त्यांची आई कंडक्टर झाली. पुरुष परत आले, आईला घरी पाठवलं. "तिने युनिफॉर्मचा कोट परत नाही केला," म्हणाले. मग बसगाड्या आल्या. शेवटची ट्राम गेली त्या दिवशी लोकांनी रुळांवर पेनीची नाणी ठेवली, चपटी झालेली जपून ठेवायला. ह्यांच्याकडेही एक आहे. पुढे तारा काढल्या, रूळ डांबराखाली गाडले. आता आमच्या लाइनसाठी रस्ता उकरला तेव्हा ते रूळ निघाले, आणि हे रोज जाऊन कडेला उभे राहायचे. मजूर त्यांना चहा द्यायचे.

एकदा अमेरिकेला बहिणीकडे गेले होते. तिच्या गावचीही ट्राम तेव्हाच बंद होत होती, स्ट्रीटकार म्हणतात तिकडे. "एका माणसाने दोन अंत्ययात्रांना जावं म्हणजे जास्तच झालं," म्हणाले. पण ह्या गावात पुन्हा ट्राम सुरू झाली ती बघायला आपण उरलो, ह्याचं त्यांना फार अप्रूप आहे.

मला मुंबईच्या ट्रामचं विचारत होते. लहानपणी दादांबरोबर दादर टी.टी.हून बसायचे, एवढं आठवतं. लाकडी बाकं. ड्रायव्हर उभा. ह्यांनी लगेच वही काढली. मी म्हटलं, "अहो, मी दहा-अकरा वर्षांची होते." "म्हणूनच," म्हणाले. "मोठ्यांना फक्त भाडं आठवतं."

पुढच्या आठवड्यात तुमच्या ट्रामचा फोटो काढणार म्हणाले. ड्रायव्हर दिसेल असा.

बुधवार, १२ ऑक्टोबर

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहिते. लिहिलं पाहिजे.

काल दुपारी. मार्केट स्ट्रीट. ऊन होतं, पाऊस नाही, पानं नाहीत. स्टॉप दिसत होता, मी हळू होत आले होते. डाव्या बाजूला फुटपाथवर माणसं. त्यातून एक माणूस मागे मागे येत खाली उतरला. मागे मागे. तोंड माझ्याकडे नव्हतं, त्याच बाजूच्या टाउन हॉलकडे. डोळ्याला कॅमेरा.

ब्रेक मारला, सगळ्यात मोठा. पकड यावी म्हणून चाकांखाली वाळू सुटते, तिचा आवाज. मागे डब्यात माणसं पडली, कुणी किंचाळलं. आणि तरी ट्राम पुढे जातच राहिली. ट्राम वळत नाही. मोटारीत माणूस स्टिअरिंग तरी फिरवतो. इथे फक्त बघायचं.

फार जोराचा आवाजही नाही झाला.

उतरून गेले तेव्हा कळलं कोण ते. सायकलच्या क्लिपा. डोळे मिटलेले, श्वास चालू. डावा पाय मी पाहिला. पाहायला नको होता. एका बाईने तिचा कोट घातला त्यांच्यावर. मी त्यांचा हात धरून "मि. विल्कॉक, मि. विल्कॉक" म्हणत होते. मग अँब्युलन्स, पोलीस, नळीत फुंकायला लावलं. कुणीतरी माझ्या हातात गोड चहा दिला आणि मी तो पूर्ण प्यायले. कसा प्यायले?

हॉस्पिटलात फोन केला माधवला. स्विचबोर्डवरची म्हणाली, मि. साठे ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत.

माधव जेवायच्या वेळेला आला. मी स्वयंपाकघरात बसले होते, अंगात युनिफॉर्मच. त्याने पाठमोराच कोट काढत म्हटलं, "आज तुमच्या ट्रामने एका म्हाताऱ्याला पार चेचला. तीन तास उभा होतो. पाय नाही वाचला, गुडघ्याखालून..." आणि वळला.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"वासू. तू?"

मग तो समोरच्या खुर्चीवर बसला. माझे दोन्ही हात धरले. आणि म्हणाला, "मी आत्ता जे बोललो ते तू ऐकलेलं नाहीस. ते पेशंट आहेत, ह्यापुढे मी तुला त्यांच्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. कळतंय ना तुला?"

कळतंय म्हटलं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

बॅरी आला घरी. हातात फुलं, त्यालाच लाज वाटत होती त्यांची. सध्या मी रजेवर, पगार चालू. सगळ्यांनाच देतात म्हणे, शिक्षा नाही. आतली चौकशी होईल, पोलिसांची वेगळी.

मंगळवारीच स्टेटमेंट घेतलेलं. त्यात त्यांनी विचारलं, "घंटा वाजवलीत?" मी म्हटलं, "हो." सही केली.

बॅरी म्हणाला, स्पीड बरोबर होता, ब्रेक वेळेवर, सगळं ट्राममधल्या मशीनवर आलंय. घंटेचं मात्र मशीनवर येत नाही. आणि ती कोटवाली बाई, तिच्याबरोबर बाबागाडीत मूल होतं, तिने सांगितलंय की घंटा ऐकू आली नाही. "ऐकू आली नाही म्हणजे वाजली नाही असं नव्हे," बॅरी म्हणाला. "तू वाजवलीस. तू तसं सांगितलंयस. संपलं."

तो गेल्यावर मी पाय हलवून पाहिला. घंटेचं पेडल उजव्या पायाखाली असतं. स्टॉपजवळ येताना आपण वाजवतोच. रोज वाजवतो. चालताना आपण पाऊल टाकतो तसं. कालचं एखादं पाऊल आठवतं का कुणाला?

सोमवार, १७ ऑक्टोबर

माधवचं तोंड वाचते. दुसरा उद्योग नाही. त्याने केस दुसऱ्या सर्जनकडे दिली, पण वॉर्ड तोच, रोज समोरून जातो. शनिवारी जेवला नीट, म्हणजे ते बरे असतील. काल नुसता भात चिवडला. म्हणजे?

"आज वॉर्डात कसं होतं?"

"वॉर्डासारखं."

"माधव, फक्त मान हलव. जिवंत आहेत एवढं."

त्याने मान नाही हलवली. उठून भांडी विसळायला लागला. लग्नाला अठरा वर्षं झाली, ह्याने स्वतःहून एक कप विसळला नाही कधी.

शनिवार, २२ ऑक्टोबर

घरात रण पेटलं.

केतकीने वॉर्डात फोन केला. मि. विल्कॉकची नात बोलतेय म्हणाली. सिस्टरने सांगितलं, कम्फर्टेबल आहेत, इन्फेक्शन आहे पण ताप उतरतोय. पोर धावत वर आली. "आई, तो बरा होतोय! कम्फर्टेबल!" मी तिला मिठी मारून रडले. सतरा वर्षांची पोर माझी पाठ थोपटत होती.

संध्याकाळी माधवला कळलं. सिस्टरनेच सहज त्याला विचारलं म्हणे, विल्कॉकना नात कुठली, त्यांना मूलबाळ नाही. इतका चिडलेला मी त्याला पाहिला नव्हता. "माझं लायसन्स जाईल! तुम्हा दोघींना गंमत वाटते ही?"

केतकी म्हणाली, "मी फक्त विचारला. आई मरतेय इथे, तुला दिसतो का? तू डॉक्टर आहे ना?"

तो म्हणाला, "डॉक्टर आहे म्हणूनच."

ती म्हणाली, "मग कधीतरी नवरा पण हो ना."

वर तिच्या खोलीचं दार आपटलं. आम्ही दोघं खाली. मी म्हटलं, चुकलं तिचं. तो म्हणाला, "मराठी मात्र त्या शेवटच्या वाक्यात बरोबर बोलली."

दोघांनाही हसू आलं. मग ते थांबलंच नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

झोप नाही. तोच रस्ता डोक्यात चालवते. एकदा घंटा वाजते, एकदा नाही. जितक्यांदा चालवते तितकं खरं काय होतं ते पुसत जातं. आता तर मला दोन्ही आठवतंय. वाजवलेलीही, न वाजवलेलीही.

स्टेटमेंटमध्ये मात्र एकच. हो.

बॅरीला फोन केला. म्हटलं, मला ते बदलायचंय. 'हो'च्या जागी 'वाजवली असं वाटतं, पण खात्री नाही.'

बॅरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू खोटं बोललीस का तेव्हा?"

"नाही. तेव्हा खरंच वाटत होतं."

"मग तेव्हाचंच खरं. आता तू थकलेली आहेस. हे केलंस ना, वाझंटी, तर तूच चौकशीवाल्यांच्या हातात काठी देशील."

शनिवार, ५ नोव्हेंबर

मराठी मंडळाची दिवाळी. शाळेचा हॉल. बाहेर इंग्रजांच्या पाच नोव्हेंबरचे फटाके, आत आपले लाडू. जायचं नव्हतं. माधव म्हणाला, न गेलीस तर जास्त बोलतील.

शैलाने सगळ्यांसमोर गळ्यात पडून विचारलं, "काय गं, कशी आहेस? फार वाईट झालं हो. पण मी म्हणते, आता सोडच ती नोकरी. आपल्याला काय गरज? डॉक्टरांचं व्यवस्थित चाललंय." बाकीच्या चकल्या खात होत्या. खायच्या थांबल्या.

मी काही बोलायच्या आत माधव बोलला. हातात कागदाची डिश धरून, खाली बघत. "शैला, माझ्या टेबलावर माणसं गेलीयत. मला कुणी म्हणालं नाही सोड म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनची लिस्ट असते, मी जातो."

शैला म्हणाली, "अहो, पण ते वेगळं."

"काय वेगळं?"

शैलाने चकल्यांचं ताट त्याच्यापुढे केलं. काय वेगळं ते मलाही सांगता आलं नसतं.

परत येताना गाडीत मी त्याला घंटेचं सांगितलं. इतके दिवस ठेवलं होतं. तो पुढच्या सिग्नलला थांबला. मग म्हणाला, "बदल स्टेटमेंट." मी म्हटलं, नोकरी जाईल कदाचित. तो म्हणाला, "हो, कदाचित." खोटा धीर दिला नाही. बरं वाटलं. आणि भीतीही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

बदललं. मॅनेजरच्या खोलीत, दहा मिनिटांत. त्याने दोनदा विचारलं, "युअर ओन डिसिजन?" हो म्हटलं. ह्या 'हो'ची खात्री होती.

बॅरी कॉरिडॉरमध्ये उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मूर्ख बाई." मग कँटीनमधून चहा आणून दिला.

बुधवार, १६ नोव्हेंबर

मिसेस विल्कॉकचा फोन. टेलिफोनच्या पुस्तकातून नंबर काढला म्हणे, ह्या गावात साठे एकच. आवाज अगदी सपाट. "आर्थरला तुम्हाला भेटायचंय. मला हे पसंत नाही. पण तो ऐकत नाही."

आता रिहॅबच्या हॉस्पिटलात हलवलंय त्यांना, गावाबाहेर. म्हणजे माधवच्या वॉर्डातून गेले. त्यालाही सुटल्यासारखं झालं असणार. बॅरी म्हणाला, निकाल लागेपर्यंत अजिबात जायचं नाही. माधवही तेच म्हणाला. केतकी म्हणाली, "आई, तुला जायचा आहे ना? मग जा."

जाणार.

रविवार, २० नोव्हेंबर

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

लांब खोली, बागेकडे खिडक्या. ते खुर्चीत, मांडीवर चादर. निम्मे झालेत. डोरीन, म्हणजे मिसेस वि., शेजारी बसून विणत होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, विणणं थांबवलं नाही. मी काय म्हणणार? इंग्रजीत सॉरी हा शब्द इतका झिजलाय, तरी तोच म्हटला.

ते म्हणाले, "बसा. मला काहीही आठवत नाही. घरून निघालो ते आठवतं. मग इथलं छत. मधलं तुम्ही सांगा."

"मी?"

"दुसरं कोण होतं तिथे? साक्षीदारांनी बाजूने पाहिलं. समोरून तुम्हीच पाहिलंत."

मग मी सांगितलं. ऊन, फुटपाथ, ते मागे मागे आले ते, टाउन हॉल, कॅमेरा, वाळू. कोटवाल्या बाईचंही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, वर्गात मुलाची कविता ऐकावी तसे. एकदाच म्हणाले, "मागे मागे. माझ्यासारखा माणूस. गाढव." डोरीनच्या सुया थांबल्या.

मग डोळे उघडून विचारलं, "घंटा वाजवलीत?"

सगळा रस्ता मी ह्याच प्रश्नाची भीती घेऊन आले होते. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. कागदावरचंही बदलून झालेलं, आता इथे फक्त एका म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. पण माझ्या तोंडून आलं, "मला माहीत नाही, मि. विल्कॉक. वाजवली असं वाटतं. खात्री नाही."

ते खिडकीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तुम्ही हो म्हणाला असता तर बरं झालं असतं."

"हो," मी म्हटलं.

"मग चूक नुसती माझी झाली असती. एकाची चूक असली की झोप येते. आता रोज रात्री दोघांना वाटून घ्यावी लागणार."

डोरीन म्हणाल्या, "आर्थर, थकलास."

त्यांनी हात पुढे केला नाही. मीही नाही केला. मी दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाले, "पुस्तकात शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय. नव्या ट्रामचं. आता ते कसं लिहू, मला कळत नाही." तक्रार नव्हती ती. खरंच कळत नव्हतं.

डोरीन मला बाहेरच्या दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "तुमच्यावर रागवायचं ठरवून बसले होते मी. अजूनही ठरलेलंच आहे." मग माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "बाहेर थंडी आहे."

बस स्टॉपवर एक बस सोडली, दुसरीत बसले.

बुधवार, ३० नोव्हेंबर

पत्र आलं. पोलीस पुढे काही करणार नाहीत. आतल्या चौकशीतही ब्रेक, वेग, नजर, सगळं ठीक. पण 'घंटेचा इशारा दिल्याची चालकाला खात्री नाही' असंही आहे, ते फाइलला राहणार. पुन्हा ट्रेनिंग, मग एक टेस्ट ड्राइव्ह बॅरीबरोबर. पास झाले तर परत कामावर. टेस्ट द्यायची की नाही ते माझ्यावर. ऑफिसात जागा देतील म्हणे, तिकिटांच्या खात्यात, टाइपिंग येतंच तुम्हाला.

माधवने वाचलं. घडी करून टेबलावर ठेवलं. "काय करणारेस?"

"तू काय करशील?"

"मला विचारू नकोस," म्हणाला. मग पत्र पुन्हा उघडत, "मी जाईन. पण मला भीती वाटते तू जाशील म्हणून."

असं वाक्य ह्याने अठरा वर्षांत म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, ९ डिसेंबर

डेपोच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. ट्रेनिंगचे दिवस झाले. आज टेस्ट. युनिफॉर्म सैल झालाय, केतकीने सकाळी स्कर्टला सेफ्टी पिन लावून दिली. माधवने गाडीतून सोडलं. गाडी वळवून गेला नाही लगेच, फाटकापाशीच थांबला होता. आता गेला असेल.

बाहेर पाऊस नाही. तापमान शून्याच्या जवळ, रूळ चकचकताहेत. मघाशी उजवा पाय खुर्चीखाली आपोआप हलत होता. दाबून धरला.

बॅरी मघाशी आत डोकावला. ट्राम काढून ठेवली म्हणाला. टेस्टसाठी दोन लाइनी आहेत. एक स्टेशनकडे, सपाट, सोपी. दुसरी मार्केट स्ट्रीटवरून. "कुठलीही घे. दोन्हींचे मार्क सारखेच. मी कागदावर कारण लिहिणार नाही."

मी म्हटलं, चहा संपवते आणि सांगते.

तो बाहेर उभा आहे. काचेतून दिसतोय, हात चोळतोय. घाई करत नाही.

चहा संपून बराच वेळ झाला.